पायथॉन असताना सी कशाला? वडगावच्या पुठ्ठ्यापासून रस्टपर्यंत प्रोग्रामिंग भाषांची वाट

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. ती विचारते: कॉलेजात सुरुवातीलाच सी शिकवतात, बाहेर सगळे म्हणतात पायथॉन आलं की झालं. मग इतक्या भाषा निघाल्याच कशाला, कुठली कशातून आली, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं ओझं आम्ही का वाहायचं?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सनावळीत नाही. प्रत्येक भाषा कुणाच्या तरी नडीतून आली. मशीनची मेमरी अपुरी होती, माणसांचा वेळ जात होता, हिशेबाचे पैसे जुळत नव्हते, असली रोजची नड. म्हणून कुठलीही भाषा समोर आली की दोन गोष्टी विचारा: हिनं कुणाची कुठली अडचण घालवली, आणि त्या बदल्यात काय घेतलं? बदल्यात काहीच न घेणारी भाषा आजवर निघालेली नाही. ही दोन उत्तरं हाती असली की नवी भाषा महिनाभरात आवाक्यात येते. नसली की चार वर्षं व्याकरण पाठ करण्यात जातात.

सुरुवात बेळगावच्या वडगाव-खासबाग या विणकरांच्या भागातून करू. तिथल्या साडीच्या मागावर जिथं अजून पुठ्ठ्याची जकार्ड आहे, तिथं एकदा उभं राहून बघा. भोकं पाडलेले पुठ्ठे दोऱ्यानं ओवून त्यांची माळ केलेली असते. धोट्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा पुढं येतो आणि सुयांवर दाबला जातो. जिथं भोक आहे तिथली सुई आत जाते, तिचा आकडा उचलणाऱ्या पट्टीवर तसाच राहतो आणि उभा धागा वर येतो. जिथं भोक नाही तिथं सुई मागं ढकलली जाते, आकडा पट्टीवरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. फ्रान्समधल्या जकार्डनं १८०४ च्या सुमारास ही रचना आणली. भोक किंवा भोक नाही, वर किंवा खाली, एवढ्यावर आख्खी नक्षी. एक पुठ्ठा उलटा ओवला गेला तर नक्षी बरोबर त्याच ओळीत तुटते, आणि दोष शोधायला माळ मोजत मागं जावं लागतं. याला कार्यक्रम (प्रोग्राम) म्हणता येईल, पण भाषा नाही. कारण पुठ्ठा निर्णय घेत नाही. ‘धागा तुटला असेल तर अमुक कर’ असं त्याला सांगता येत नाही. बॅबेजनं आपल्या ॲनालिटिकल इंजिनसाठी हेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं आणि त्यात अट तपासण्याची सोयही आखली. ते यंत्र पुरं झालं नाही, पण १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं त्यावर बर्नुली संख्या कशा काढता येतील याची पायरी-पायरीची मांडणी छापली.

खरा संगणक मेमरीतून कार्यक्रम वाचून चालला तो २१ जून १९४८ ला, मँचेस्टरमध्ये. टॉम किलबर्नचा तो कार्यक्रम १७ आज्ञांचा होता. २ च्या १८ व्या घाताचा, ती संख्या स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधायला त्याला ५२ मिनिटं लागली. मशीनची मेमरी ३२ शब्दांची, एकेक शब्द ३२ बिटांचा. आज्ञा म्हणजे नुसते एक आणि शून्य. अडचण आकडे लिहिण्यापेक्षा वेगळी होती. मध्येच एक आज्ञा घालायची झाली की पुढच्या सगळ्या आज्ञांचे पत्ते एकेक घराने सरकायचे, आणि ‘अमुक पत्त्यावर जा’ म्हणणारी प्रत्येक आज्ञा हातानं बदलावी लागायची. एक सुटली की मशीन भलतीकडंच उडी मारायचं. यावर उपाय म्हणून असेंब्ली आली. आकड्याऐवजी अक्षरी खूण, आणि पत्त्यांचं रूपांतर मशीनच करणार. केंब्रिजच्या एडसॅकवर १९४९ मध्ये डेव्हिड व्हीलरनं ३१ आज्ञांचा एक छोटा कार्यक्रम लिहिला. बेरजेला ए, वजाबाकीला एस अशी अक्षरं टेपवरून वाचून तो त्यांची मशीनची भाषा करायचा. आज गुळगुळीत वाटणारी प्रत्येक भाषा त्या ३१ आज्ञांच्या वाटेनंच आलेली आहे. बदल्यात काय गेलं? फारसं काही नाही, पण फायदाही तेवढाच मर्यादित. असेंब्ली एका मशीनला बांधलेली. मशीन बदललं की सगळं पुन्हा.

म्हणून फोरट्रान. जॉन बॅकसच्या गटानं आयबीएम ७०४ साठी ती केली आणि एप्रिल १९५७ मध्ये ग्राहकांना दिली. त्या काळच्या प्रोग्रामरांचा आक्षेप असा की भाषांतर करणारा कार्यक्रम हातानं लिहिलेल्या कोडइतका वेगवान कोड कधीच देणार नाही. म्हणून बॅकसच्या गटानं सगळा जोर भाषेच्या सौंदर्यापेक्षा कंपायलरच्या, म्हणजे त्या भाषांतर करणाऱ्या कार्यक्रमाच्या, चलाखीवर लावला. ७०४ चा एक शब्द ३६ बिटांचा, एक अक्षर ६ बिटांचं. एका शब्दात सहा अक्षरं बसतात, म्हणून चलाचं (व्हेरिएबलचं) नाव जास्तीत जास्त सहा अक्षरी. ओळ ८० रकान्यांच्या पंचकार्डवर लिहायची: पहिले ५ रकाने ओळीच्या नंबराला, ६ वा ‘मागची ओळ पुढं चालू’ या खुणेला, ७ ते ७२ मजकुराला, शेवटचे ८ कार्डांच्या क्रमांकाला. हे शेवटचे आठ वाया गेलेत असं समजू नका. कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावायला तेवढाच आधार असायचा. चलाचं नाव आय, जे, के, एल, एम किंवा एन नं सुरू झालं तर तो पूर्णांक, बाकी सगळे दशांश. तुमच्या लूपमधल्या ‘आय’ची सवय इथं पक्की झाली.

फोरट्रानमधली एक चूक जवळून बघण्यासारखी आहे. लूपची ओळ अशी: डू १० आय = १,१०. म्हणजे १० नंबरच्या ओळीपर्यंतचं काम आय १ पासून १० होईपर्यंत कर. आता स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं: डू १० आय = १.१०. त्या फोरट्रानमध्ये मधल्या मोकळ्या जागेला काही अर्थ नव्हता, आणि चल आधी जाहीर करायची सक्तीही नव्हती. कंपायलरनं ते ‘डू१०आय’ नावाचा एक नवा चल असं वाचलं आणि त्यात १.१० ठेवून दिलं. तक्रार नाही, इशारा नाही. काम दहादाऐवजी एकदाच झालं. दोन सोयी एकत्र आल्या आणि तिथं खड्डा पडला. पुढं पास्कलनं आणि सीनं चल आधी जाहीर करायला लावलं, त्यानं या जातीच्या चुका टळतात. ‘इंट आय’ लिहायचा कंटाळा येतो तेव्हा हे टिंब आठवावं.

याच जातीचं टिंब आज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रोज पडतं. तिथं व्हीएमसीवर (आकड्यांवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) जो जी-कोड, म्हणजे टूल कुठं न्यायचं ते सांगणाऱ्या आज्ञा, चालतो तो याच काळातला आहे. एमआयटीत १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, आणि १९५९ पर्यंत डग्लस रॉसच्या गटानं एपीटी ही यंत्रकामाची भाषा तयार केली. आता बऱ्याच कंट्रोलवर ‘एक्स ५०.’ म्हणजे ५० मिलिमीटर, पण टिंब न देता नुसतं ‘एक्स ५०’ लिहिलं तर ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. टूल जागचं हललंय हेसुद्धा दिसत नाही, आणि पुढची ओळ टूलला भलत्या जागेवरून कापायला लावते. हे वागणं एका पॅरामीटरवर ठरतं. म्हणून एकाच शेडमधल्या दोन मशीनांवर तोच कार्यक्रम दोन तऱ्हांनी चालू शकतो. कार्यक्रम एका मशीनवरून दुसऱ्यावर नेताना आधी टिंबं तपासा आणि पहिली फेरी जॉबपासून (कापायच्या तुकड्यापासून) वर, हवेत काढा.

जी-कोडचा दुसरा धडा सीला थेट लागू पडतो. त्यातल्या बऱ्याच आज्ञा चिकट असतात. जी९१ दिला की पुढचे सगळे आकडे ‘इथून एवढं पुढं’ असे वाचले जातात, जी९० येईपर्यंत. मागच्या कार्यक्रमानं जी९१ वर सोडलं असेल तर पुढच्याचा घात. म्हणून जाणते ऑपरेटर प्रत्येक कार्यक्रमाच्या डोक्यावर जी१७ जी४० जी४९ जी८० जी९० ही ओळ टाकतात: प्रतल ठरवा, टूलच्या मापाच्या सगळ्या भरपाया आणि ड्रिलिंगची चक्रं बंद, माप मूळ शून्यापासून. सीमध्ये फंक्शनच्या आत चल जाहीर करून त्यात किंमत न भरणं म्हणजे ही ओळ विसरणं. आत आधीचा कचरा असतो. आणि मशीनचा मॅक्रो (चल आणि अटी असलेला जी-कोड) लिहिताना ‘इफ, हॅश १०० एलटी ८, गोटू १०’ असं लिहिता ना, तो ‘एलटी’ही थेट फोरट्रानच्या वळणाचा. त्या काळच्या पंचकार्डांच्या अक्षरसंचात ‘पेक्षा लहान’ची खूणच नव्हती, म्हणून अक्षरं वापरली. तुमच्या भागातला एखादा आयटीआय झालेला पोरगा आठ भोकांच्या फ्लँजचा मॅक्रो लिहितो तेव्हा तो प्रोग्रामिंगच करत असतो, आणि तेही सत्तर वर्षांच्या परंपरेतलं.

फोरट्रान शास्त्रज्ञांची. हिशेबनिसाची अडचण वेगळी होती. ग्रेस हॉपरनं इंग्रजीसारख्या शब्दांत लिहिता येणारी फ्लोमॅटिक केली होती. तिच्या पायावर १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकारानं एक समिती बसली आणि कोबॉल निघाली. लांबलचक वाक्यांबद्दल तिची चेष्टा होते, पण तिनं पैशाचं दुखणं पहिल्याच फटक्यात ओळखलं. हे स्वतः करून बघा: पायथॉनमध्ये लूप लावून ०.१ दहा वेळा मिळवा. उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. कारण मशीनचे दशांश दोनाच्या पायावर असतात. एक तृतीयांश जसा आपल्या दशमानात संपत नाही, तसा एक दशांश दोनाच्या पायावर संपत नाही. पतसंस्थेच्या ठेवींवर महिन्याला व्याज काढताना असे तुकडे साठतात आणि मार्चअखेरीला ताळेबंद थोडक्यात सुटू शकतो. कोबॉलमध्ये रक्कम ‘पिक्चर ९(७)व्ही९९’ अशी सांगतात: रुपयांचे सात अंक, पैशांचे दोन, आणि मधल्या ‘व्ही’च्या जागी टिंब आहे असं धरून चाला. अंक दशमानातच राहतात. म्हणून जगभरच्या मोठ्या बँकांत ती अजून चालते. तिची किंमत तिनं दुसरीकडं वसूल केली. मेमरी वाचवायला साल दोन अंकांत ठेवायची सवय पडली आणि १९९९ संपताना सगळ्या जगाला ती खोदून काढावी लागली.

सी किंवा पायथॉनमध्ये हिशेबाचं काम करायचं असेल तर रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा, किंवा पायथॉनचं डेसिमल मॉड्यूल वापरा. पूर्णांक वापरताना त्याची कमाल मर्यादा बघा. ३२ बिटांच्या ‘इंट’ची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. पैशांत मोजलं तर हे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. बरी चाललेली कुठलीही सोसायटी हा आकडा ओलांडते. ‘लाँग लाँग’ हा ६४ बिटांचा प्रकार घ्या.

त्याच सुमारास आणखी दोन रोपं लागली, ती थोडक्यात. जॉन मॅकार्थीच्या लिस्पनं १९५८ पासून यादी आणि फंक्शन यांवरच सगळी इमारत उभी केली, आणि नको झालेली मेमरी आपोआप गोळा करण्याची युक्ती दिली. जावा आणि पायथॉन आज त्याच युक्तीवर जगतात. युरोप-अमेरिकेच्या समितीनं केलेल्या अल्गोल ६० नं ‘बिगिन-एंड’चे ब्लॉक दिले, आणि भाषेचं व्याकरण नियमांत मांडायची एक काटेकोर पद्धत दिली. तिला बॅकस-नाउर रूप म्हणतात. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या नियतकालिकात पत्र लिहून सुचवलं की अशी मांडणी पाणिनीनं दोन हजारांहून अधिक वर्षं आधी केली, तेव्हा नाव ‘पाणिनी-बॅकस रूप’ असावं. नाव रूढ झालं नाही, पण शाळेत संस्कृतची सूत्रं घोकलेल्या माणसाला कंपायलरचा विषय परका वाटायचं कारण नाही. पुढं १९६८ मध्ये डाइकस्ट्रानं ‘गोटू’ (अमुक ओळीवर उडी मार) घातक आहे असं पत्र लिहिलं, १९७० मध्ये विर्थची पास्कल आली. ही अल्गोलचीच लेकरं.

आता सी. इथं जरा थांबावं लागेल, कारण तुमचा खरा प्रश्न इथं आहे.

केंब्रिजच्या सीपीएल या भाषेतून मार्टिन रिचर्ड्सनं १९६७ मध्ये बीसीपीएल केली. तिची काटछाट करून बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसननं बी केली, आणि बीमधून डेनिस रिचीनं १९७१ ते ७३ च्या दरम्यान सी. बीमध्ये प्रकार नव्हते. सगळं म्हणजे एक मशीन-शब्द, मग तो आकडा असो की पत्ता. जुन्या पीडीपी-७ या संगणकावर ते खपलं, कारण तिथं पत्ता शब्दालाच असायचा. नवी पीडीपी-११ आली आणि तिच्यात प्रत्येक बाइटला (८ बिटांच्या तुकड्याला) स्वतंत्र पत्ता. आता ‘या पत्त्यावर एक अक्षर आहे की दोन बाइटांचा आकडा?’ हे भाषेला कळणं भाग पडलं. म्हणून ‘कॅर’ आणि ‘इंट’ आले. प्रकार हे कुणा प्राध्यापकाचं पांडित्य नव्हे, मशीन बदलल्याची ती गरज होती. १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला, आणि ऑपरेटिंग सिस्टिम एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येऊ लागली. हे सीनं दिलं.

घेतलं काय, ते बघू. बीसीपीएलमध्ये मजकुराच्या पहिल्या बाइटमध्ये त्याची लांबी असायची. लांबीवर मर्यादा येते आणि ती सांभाळणं गैरसोयीचं, म्हणून बीमध्ये ती काढली आणि शेवटी एक संपल्याची खूण ठेवली. सीनं तीच पद्धत घेतली, खूण म्हणजे शून्य. त्यामुळं सीमधला ॲरे (एकाच प्रकारच्या घरांची रांग) स्वतःची लांबी सोबत नेत नाही, आणि तुम्ही हद्द ओलांडली तर कुणी हटकत नाही.

आपल्या सीमाभागातलंच उदाहरण घ्या. कुणीतरी सीमध्ये नोंदवहीचा कार्यक्रम लिहिला आणि गावाच्या नावाला २० बाइटांचा ‘कॅर’ ॲरे ठेवला. मराठीत ‘बेळगाव’ भरलं. यूटीएफ-८ या मजकूर बाइटांत साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. ब, एक मात्रा, ळ, ग, काना, व अशा सहा खुणा, म्हणजे १८ बाइट, आणि शेवटचं शून्य धरून १९. बसलं. चाचणी पास. मग कन्नडमधलं नाव आलं, ‘बेळगावि’, कन्नड लिपीत. तिथंही खुणेला ३ बाइटच, पण शेवटी वेलांटी वाढली. सात खुणा, २१ बाइट, शून्य धरून २२. दोन बाइट शेजारच्या चलात घुसले. कार्यक्रम लगेच कोसळेलच असं नाही. बहुतेकदा तो चालतो, आणि शेजारी ठेवलेला पिनकोड किंवा रक्कम चुपचाप बिघडते. कन्नड नोंद आली की मराठी खात्याची रक्कम बदलते, असं विचित्र दुखणं दिसतं आणि लोक डेटाबेसला दोष देत बसतात.

‘एसएनप्रिंटएफ’ वापरून १९ बाइटांवर कापलं तर हद्द सांभाळली जाते, पण सहा पूर्ण खुणा आणि सातवीचा एक तुटका बाइट उरतो. पडद्यावर शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसतो तो हाच. उपाय असा: जागा बाइटांत मोजा, अक्षरांत नको. देवनागरी किंवा कन्नड नावाला अपेक्षित खुणांच्या तिप्पट अधिक एक ठेवा, आणि कापायचंच झालं तर खुणेच्या सुरुवातीवरच कापा. पुढच्या बाइटचे वरचे दोन बिट १० असतील तर तुम्ही खुणेच्या मध्यात आहात, एकेक बाइट मागं या. यूटीएफ-८ ही रचना १९९२ मध्ये त्याच केन थॉम्पसननं रॉब पाइकबरोबर केली, आणि सीच्या मजकुराला मध्येच शून्य चालत नाही याचं भान ठेवूनच केली.

हाच ‘बेळगाव’ भाषेगणिक विचारून बघा. सीच्या ‘स्ट्रलेन’ला १८. पायथॉन २ मध्ये साध्या मजकुराला १८, पायथॉन ३ मध्ये ६. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये ६. स्विफ्टमध्ये ४, कारण ती बे-ळ-गा-व अशी, आपण शाळेत मोजतो तशी अक्षरं मोजते. १८, ६ आणि ४ ही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त भाषा वेगवेगळ्या वस्तू मोजतात आणि ती वस्तू त्या-त्या भाषेच्या जन्मकाळाची साक्ष देते. सी जन्मली तेव्हा अक्षर म्हणजे एक बाइट हे सगळ्यांना मान्य होतं. जगभरच्या लिप्यांतल्या खुणांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली १९९१ मध्ये. पायथॉन २ वरून ३ वर जायला २००८ ते २०२० अशी बारा वर्षं लागली, त्याचं एक मोठं कारण मजकूर आणि बाइट वेगळे काढणं हेच होतं. अक्षरक्रम लावतानाही लक्ष ठेवा. नुसत्या खुणेच्या क्रमांकानं लावलं तर ‘बळवंत’ हा ‘बसवंत’च्या आधी येतो, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आहे. मराठी शब्दकोशात ळ येतो ह नंतर. मतदारयादी किंवा सभासद यादी लावताना मराठीचे क्रमनियम असलेली लायब्ररी वापरावी लागते.

हद्द न तपासण्याचा सीचा दोष जगाला १९८८ मध्ये कळला. मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा कार्यक्रम इंटरनेटवर पसरला तो एका सेवेतल्या ‘गेट्स’ फंक्शनमधूनही. ‘गेट्स’ला किती जागा आहे हे सांगायची सोयच नाही. २०११ च्या सी मानकातून ते काढून टाकलं. तरी प्रॅक्टिकलच्या जुन्या वह्यांत ते अजून आढळतं. तिथं ‘एफगेट्स’ लिहा.

पुढचा पल्ला झपाट्यानं. नॉर्वेच्या सिम्युला ६७ नं क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारा साचा) दिला, अ‍ॅलन केच्या स्मॉलटॉकनं ती कल्पना टोकाला नेली, आणि स्ट्रॉस्ट्रपनं १९७९ पासून ती सीवर बसवली. तिचं नाव १९८३ मध्ये सी प्लस प्लस झालं. कॉडनं १९७० मध्ये मांडलेल्या संबंधांच्या गणितावरून १९७४ मध्ये डेटाबेसला प्रश्न विचारायची, आज एसक्यूएल म्हणतो ती भाषा निघाली. शिकलेलं कधी वाया न जाणारं काही असेल तर ती. आपल्याकडच्या अनेक पतसंस्थांचे हिशेब नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर होते. ते डेटाबेस हलवताना एसक्यूएल येणाऱ्याचीच गरज पडते. जावा १९९५ ची. मधल्या बाइटकोडमुळं एकच कार्यक्रम कुठल्याही मशीनवर, मेमरीची राखण आपोआप. बदल्यात जास्त मेमरी आणि सुरू व्हायला उशीर. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइकनं मे १९९५ मध्ये दहा दिवसांत केला. तिथं साध्या संख्या सगळ्या दशांश जातीच्या, म्हणून ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढं पूर्णांकाची खात्री नाही. १६-१७ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून ठेवला तर शेवटचा अंक बदलू शकतो. मजकूर म्हणूनच ठेवा.

पायथॉनचं काम ग्विडो व्हान रॉसमनं डिसेंबर १९८९ मध्ये सुरू केलं, १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. ओळ आत सरकवून रचना दाखवायची पद्धत एबीसी या शिकवण्याच्या भाषेतून आली. तिनं माणसाचा वेळ वाचवला आणि बदल्यात मशीनचा वेळ घेतला. लूप मंद चालतो, म्हणून जड गणित ती दुसऱ्यांकडून करून घेते. ‘पायथॉन पुरे’ म्हणणाऱ्यांना हे सांगा: रोज वापरतो तो पायथॉन स्वतः सीमध्ये लिहिलेला आहे, आणि नमपाय-सायपाय या पायथॉनच्या लायब्ररींचं मॅट्रिक्सचं गणित ज्या लॅपॅक या जुन्या लायब्ररीवर टेकलंय ते फोरट्रानमध्ये. वरचा मजला राहायला छान आहे, पण पाणी खालच्या टाकीतूनच चढतं. गळती लागली की खाली उतरावंच लागतं.

रस्टची १.० आवृत्ती २०१५ ची. वरच्या त्या २० बाइटांच्या गोष्टीवर तिचं उत्तर असं: ॲरेची लांबी सोबतच राहील, हद्द ओलांडली की कार्यक्रम तिथंच थांबेल, आणि मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला एका वेळी एकच मालक असेल. मालकी कुणाकडं आहे हे कंपायलर आधीच तपासतो, त्यामुळं कचरा गोळा करणारा वेगळा कार्यक्रम लागत नाही. २०२२ च्या अखेरीस लिनक्सच्या ६.१ गाभ्यात तिला जागा मिळाली. बदल्यात ती तुमचा संयम घेते. सुरुवातीचे आठवडे कंपायलरशी झगडण्यात जातात. ज्याला सीमधली दुखणी माहीत आहेत त्याला हा झगडा कशासाठी ते कळतं. बाकीच्यांना तो नुसता त्रास वाटतो.

आता एआय कोड लिहून देतं, मग हे कशाला, असंही विचारलं जातं. ते लिहून देतं, आणि बऱ्याचदा चांगलं देतं. पण व्याजाच्या हिशेबाला दशांश ‘फ्लोट’ लावलेला, गावाच्या नावाला अक्षरं मोजून जागा दिलेली कोड दिसायला अगदी स्वच्छ असते. ती चूक पकडायला कुठली भाषा काय मोजते हे तुम्हालाच माहीत हवं.

प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी असेल तर परीक्षेपुरतं ते चालू द्या, पण घरी जीसीसी हा मोफत सी कंपायलर घ्या. टर्बो सीचा ‘इंट’ १६ बिटांचा, मर्यादा ३२,७६७. निपाणी-चिकोडीकडच्या उसाच्या काट्यावरची दोन वजनं, १८,००० आणि १७,५०० किलो, त्यात मिळवा. बेरीज ३५,५०० यायला हवी, छापून येतं उणे ३०,०३६. तीच ओळ जीसीसीत बरोबर चालते. हा फरक डोळ्यांनी बघितला की ‘प्रकार’ हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. जीसीसीला ‘वॉल’ (-Wall) आणि ‘एक्स्ट्रा’ (-Wextra) हे इशाऱ्यांचे पर्याय लावल्याशिवाय कधीच चालवू नका. मग मेमरीची हद्द तपासणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावून त्या २० बाइटांच्या ॲरेत कन्नड ‘बेळगावि’ भरा. हद्द कुठं ओलांडली गेली ते तो छापून दाखवेल. पुढं मोठ्या ‘एस’चा (-S) पर्याय देऊन त्याच कार्यक्रमाची असेंब्ली काढा आणि एक लूप मशीनला कसा दिसतो ते ओळीला ओळ लावून बघा.

हे चार-पाच आठवड्यांत झालं की पायथॉन घ्या आणि तेच दोन कार्यक्रम, काट्याची बेरीज आणि गावांची यादी, त्यात पुन्हा लिहा. बेरीज कितीही मोठी झाली तरी उणे जात नाही, कारण पायथॉनचा पूर्णांक लागेल तसा वाढतो. यादीत कन्नड नावानंही काही बिघडत नाही. नंतर तेच एसक्यूएलमध्ये, टेबल करून. दुसऱ्या वर्षी सवड मिळाली तर रस्टमध्ये. आणि शनिवारी उद्यमबागेत ओळखीच्या कुणाच्या शेडमध्ये जाऊन व्हीएमसीचा कार्यक्रम पडद्यावर वाचायला मागा. पहिल्या ओळीतले पाच जी-कोड कशासाठी आहेत हे ऑपरेटरदादांना विचारा. ते सांगतील ते सीच्या चलांना सुरुवातीची किंमत देण्याबद्दलच असेल, फक्त त्यांच्या शब्दांत.